हिरवी वायर, काळी वायर

एक साधी जेम क्लिप घ्यायची आणि सरळ करायची. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, जो चोवीस पिनांचा रुंद जोड बाहेर येतो, त्यातली एकुलती एक हिरवी वायर शोधायची. क्लिपचं एक टोक तिच्या खाचेत, दुसरं कुठल्याही काळ्या वायरच्या खाचेत. मग भिंतीवरचं बटण दाबायचं. आणि पंखा फिरायला लागतो! मदरबोर्ड नाही, प्रोसेसर नाही, कॅबिनेट नाही. नुसती ती पत्र्याची पेटी टेबलावर पडलेली आणि आतला पंखा गरगरतोय. मी अक्षरशः ओरडले. दुरुस्तीच्या दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

हिरवी वायर म्हणजे हुकमाची वायर. मदरबोर्ड तिला जमिनीशी, म्हणजे काळीशी, जोडतो तेव्हा एसएमपीएस जागा होतो. आपण क्लिप लावून मदरबोर्डाची नक्कल करतो, एवढंच. मग मल्टिमीटर घेऊन बसायचं. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे बारावाली ११.४ ते १२.६ च्या आत हवी. आणि जांभळी! जांभळीवर ५ व्होल्ट कायम असतात, कॉम्प्युटर ‘बंद’ असला तरी. प्लगमध्ये वीज आहे तोवर. आपण शट डाउन करून दिवा मालवून घरी जातो तेव्हा ते मशीन पुरतं झोपलेलं नसतंच. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

(पेटी मात्र उघडायची नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथे दबा धरून बसतात. हे दुकान चालवणाऱ्या दादांनी मला पहिल्याच संध्याकाळी हे बजावलं, म्हणून मीही बजावते.)

मी हिशेब लिहिणारी बाई. टॅली, जीएसटीची रिटर्न्स, मार्च एंडला डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पंचेचाळिशी ओलांडलेली, विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटलेला. कॉम्प्युटर रोज वापरते, पण त्याच्या पोटात काय आहे याची चौकशी करायची गरज पडली नव्हती. ऐन पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसातलं मशीन रुसलं. पंखे फिरत होते, दिवा लागत होता, पण स्क्रीन काळीठिक्कर. एका ठिकाणी दाखवलं, तिथे झाकणही न उघडता ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ असं सांगितलं. मग कुणीतरी या दुकानाचा पत्ता दिला. दुकान म्हणजे गाळा. एक टेबल, एक भिंग असलेला दिवा, आणि भिंतीला टेकून रचलेली मेलेली मशीनं.

दादांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘ताई, बीप येते का?’’

बीप? कसली बीप? तर मशीन चालू झालं की विंडोज वगैरे यायच्या आधी ते स्वतःची तपासणी करतं, आणि स्क्रीनच चालत नसेल तर तक्रार सांगायला त्याच्याकडे आवाजच उरतो. दादांनी शेंगदाण्याएवढा स्पीकर बोर्डाला लावला. मशीन कण्हल्यासारखं पुन्हा पुन्हा वाजायला लागलं. ‘‘रॅम,’’ दादा म्हणाले. पट्टी काढली, शाळेतला खोडरबर घेतला, सोनेरी दातांवरून हलक्या हाताने फिरवला, ब्रशने चुरा झटकला, पट्टी परत बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् टक् बसल्या. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं! ज्याला मेलेलं म्हणून सांगितलं होतं ते एका खोडरबराने उठून बसलं होतं. दमट हवेने आणि धुळीने त्या दातांवर एक थर चढतो, इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला आडवा येतो. (पुस्तकं खोडरबराला नाक मुरडतात, कारण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि घासून निघू शकतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा म्हणतात. दादांच्या टेबलावर दोन्ही आहेत. घाई असली की खोडरबर.)

मी तिथेच विचारलं, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येऊन बसू का? नुसती बघत बसेन.

‘‘बसा की. स्टूल तेवढं डुगडुगतं.’’

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. घरात मी जेवताना रॅमबद्दल बोलते. डीडीआर थ्रीची पट्टी डीडीआर फोरच्या खाचेत बसूच नये म्हणून मधली खाच मुद्दाम सरकवलेली असते, हे मी पाहुण्यांना पोळी वाढताना सांगितलं आहे. पॉवरचं बटण म्हणजे आतून दोन बारक्या वायरी, आणि बटण मोडलं तर बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवल्या तरी मशीन सुरू होतं, हे करून दाखवायला मी भावाच्या घरचं कॅबिनेट उघडलं. आणि ते गोल सेल! सीआर २०३२. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. माप नावातच छापलेलं. तीन व्होल्टचा हा सेल मदरबोर्डावर बसून मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. आता गंमत पाहा: तारीख मागे गेली की ब्राउझरला बँकेच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध वाटतं, कारण त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जारीच झालेलं नाही! मग साइट उघडत नाही, जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, माणूस इंटरनेटवाल्याला फोन करून भांडतो, आणि खरा दोष एका चिमुकल्या सेलचा. वीस तारखेला रिटर्न भरणाऱ्या प्रत्येक माणसाला हे शाळेत शिकवलं पाहिजे.

पण मला खरं वेड लागलं ते दोष शोधायच्या पद्धतीचं. ट्रायल बॅलन्स जुळत नाही तेव्हा आम्ही काय करतो? सगळी पानं पहिल्यापासून वाचत बसत नाही. फरक नऊने भागला जातो का पाहतो. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडल्याचा संशय, ७२ चे २७. मग अर्धी खाती बाजूला, कोणत्या अर्ध्यात फरक आहे ते बघ, मग त्याचं अर्धं. दादा नेमकं हेच करतात आणि त्यांना ट्रायल बॅलन्स म्हणजे काय हे ठाऊक नाही! बोर्ड कॅबिनेटमधून काढायचा, पुठ्ठ्यावर ठेवायचा. हार्ड डिस्क काढ, ग्राफिक कार्ड काढ, यूएसबीवरचं सगळं काढ. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, एवढ्यावर चालतंय का? चाललं, तर दोष काढून ठेवलेल्या ढिगात आहे. एकेक लावत जायचं. नाही चाललं, तर दोष समोरच्या चार वस्तूंत आहे. प्रत्येक पायरीला निम्मं जग निर्दोष सुटतं. कुठेही अंगात येणं नाही, ‘मला वाटतं बोर्ड गेला असेल’ नाही.

आणि मग चिप लेव्हल. आमच्या या धंद्यात (‘आमच्या’ म्हणायला लागले मी!) दोन जाती आहेत. कार्ड लेव्हलवाले अख्खा भाग बदलतात. चिप लेव्हलवाले भागाच्या आत शिरतात. एका कॉलेजातल्या मुलीचा लॅपटॉप आला, त्यावर चहा सांडलेला. चार्जर लावला की चार्जरचाच दिवा विझायचा. दादांनी बॅटरी सोडवली, बोर्ड काढला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून १९ व्होल्ट जिथून आत शिरतात ती वाट तपासली. पीं! जमिनीशी सरळ जोड. म्हणजे शॉर्ट. पण त्या वाटेवर बारीक तपकिरी कपॅसिटर ओळीने बसलेले, प्रत्येकी दीड-दोन मिलिमीटरचे, सगळे एकसारखे, आणि सगळे समांतर जोडलेले असल्यामुळे मीटर प्रत्येकावर पीं म्हणतो. चोर त्यांतला एक आहे आणि बाकीचे त्याच्या नावाने बोंबलताहेत. कसा पकडायचा?

दादांनी टेबलावरच्या डीसी सप्लायवर फक्त एक व्होल्ट लावला, करंटला मर्यादा घातली आणि त्या वाटेत सोडला. एक व्होल्टाने चांगल्या भागांना काही होत नाही. पण करंट सगळ्यांत सोप्या वाटेने, म्हणजे फुटक्या कपॅसिटरमधून धावतो, आणि तो तापतो. मग त्यांनी त्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं. सगळा बोर्ड ओला चमकत होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत एका ठिकाणचं अल्कोहोल आधी उडून गेलं. एका कपॅसिटरभोवती कोरडं वर्तुळ! सापडला! गरम हवेच्या बंदुकीने तो उचलला, पुन्हा मीटर लावला, आता आवाज नाही. त्याच्या जागी भंगार बोर्डावरचा तसाच एक बसवला, चहाचे डाग धुऊन वाळवले. चार्जरचा दिवा टिकला. लॅपटॉप सुरू झाला. ज्या भागामुळे अख्खं मशीन मेलं होतं, त्याची बाजारात किंमत रुपया-दोन रुपये. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते.

आता प्रमाणपत्राची गोष्ट, कारण ती माझ्या भाच्याने काढली. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, ‘‘आत्या, एवढं करतेसच तर ए प्लस दे ना. कागद असला की लोक सीरियसली घेतात.’’

ए प्लस म्हणजे कॉम्पटिया या अमेरिकेतल्या संस्थेचं प्रमाणपत्र. १९९३ पासून चालू आहे आणि तंत्रज्ञाच्या कामातली पहिली पायरी म्हणून जगभर ओळखलं जातं. दोन परीक्षा, कोअर वन आणि कोअर टू. प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं. १०० ते ९०० च्या मापावर पहिलीला ६७५ आणि दुसरीला ७०० लागतात. केंद्रावर जाऊन देता येते, घरून कॅमेऱ्यासमोरही देता येते. सध्याची आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. अमेरिकेत एका परीक्षेला अडीचशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. आपल्याकडचा दर वेगळा असला तरी दोन्हींचे मिळून हलके होत नाहीत. आणि मिळालेलं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण. २०११ पूर्वी ज्यांनी घेतलं त्यांना जन्मभराचं मिळालं! प्रमाणपत्रालाही घसारा लागतो हे वाचून माझ्यातली हिशेबनीस हसली.

पण अभ्यासक्रम! तो फुकट उतरवून घेता येतो, आणि प्रोफेसर मेसर नावाने ओळखले जाणारे गृहस्थ त्यावरची सगळी व्याख्यानं यूट्यूबवर फुकट देतात. मी सहज एक लावलं आणि रविवार संपला. दादांकडे जे हाताने बघितलं होतं त्याला तिथे पायऱ्या होत्या: समस्या नीट विचारून घ्या, कारणाचा अंदाज बांधा, अंदाज तपासा, काय करायचं ते ठरवून करा, सगळं चालतंय याची खात्री करा, आणि शेवटी लिहून ठेवा. शेवटचं वाचून मी टाळी वाजवली. दादा काहीच लिहून ठेवत नाहीत. कुठल्या मॉडेलमध्ये कुठला कपॅसिटर जातो, सगळं डोक्यात. मी आता वही घातली आहे, खतावणीच्या धर्तीवर, मॉडेलवार.

आणि लेझर प्रिंटर. त्यात कागदावर अक्षर उमटायच्या सात पायऱ्या असतात हे मला त्या व्याख्यानांतून कळलं. ड्रमवर विद्युतभार चढतो, लेझर त्यावर अक्षर लिहितो, टोनर तिथे चिकटतो, कागदावर उतरतो, मग उष्णतेने वितळून पक्का होतो. म्हणून कागद गरम बाहेर येतो! त्यातच पुढे होतं, की पानावर तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टी घेऊन अंतर मोजा. ते ज्या रोलरच्या किंवा ड्रमच्या परिघाएवढं भरेल तो गुन्हेगार. हे मी दादांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. वर्षानुवर्षं प्रिंटर उघडणारा तो माणूस उठला, कोपऱ्यातला एक डाग पाडणारा प्रिंटर काढला, पान छापलं आणि माझ्याकडे फूटपट्टी मागितली. ड्रम निघाला. त्या दिवसापासून मला डुगडुगतं स्टूल नाही, खुर्ची मिळते.

म्हणजे पुस्तकात काहीतरी आहे, हे नक्की. मग परीक्षा द्यावी का? मी हिशेबाला बसले. ए प्लसमध्ये हार्डवेअरचा वाटा पहिल्या परीक्षेच्या चौथाईएवढा. बाकी नेटवर्क, मोबाइल, क्लाउड, विंडोज, सुरक्षा, व्हायरस काढणं, गिऱ्हाइकाशी बोलायची रीत. ज्यासाठी मी रात्री जागते ते सोल्डरिंग आणि कपॅसिटर बदलणं त्यात नाहीच. बरोबरही आहे, तो अभ्यासक्रम कंपन्यांच्या हेल्पडेस्कवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेला आहे. तिथे शंभर अर्जांतून वीस निवडायचे असतात आणि निवडणाऱ्याला स्क्रूड्रायव्हर धरता येतोच असं नाही, तेव्हा कागदाला वजन येतं. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास मुलांसाठी. त्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र सरकारी भरतीत आणि अप्रेंटिसशिपला कामी येतं, आणि माझ्या मते आपल्याकडच्या अठरा वर्षांच्या मुलाला डॉलरात पैसे घालवण्याआधी तो रस्ता पाहायला हरकत नाही. ‘तीन महिन्यांत चिप लेव्हल, नोकरीची हमी’ अशा पाट्या लावणाऱ्या वर्गांबद्दल मात्र माझं मत तिखट आहे. तिथे एकच गोष्ट विचारावी: माझ्या हातात मेलेला बोर्ड किती वेळ राहील? उत्तरात फळा आणि प्रोजेक्टर आला तर चहा पिऊन निघावं.

दादांना विचारलं, तुमच्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे? त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. शॉप ॲक्ट.

‘‘लॅपटॉप दुरुस्त झाला तर पुढच्या वेळी भावाचा घेऊन येतात,’’ दादा म्हणाले. ‘‘नाही झाला तर चौकट सोन्याची लावली तरी शिव्याच.’’

भाचा यावर तावातावाने बोलला. त्याचं म्हणणं, दादांना गल्ली ओळखते म्हणून चालतं. त्याला उद्या बंगळुरूला मुलाखत द्यायची असेल तर तिथे कोण ओळखणार? खरं आहे त्याचं. त्याच्या बाबतीत ए प्लसवर पैशांचं चीज होईल, आणि त्याच्या परीक्षेची फी मीच भरणार आहे असं मी त्याला सांगून टाकलं. त्यावर तो जरा घाबरला.

मी देणार नाही. अभ्यासक्रम मात्र शेवटच्या ओळीपर्यंत संपवणार. नेटवर्कचं प्रकरण अजून डोक्यात शिरत नाही, सबनेट मास्कशी माझी रोज झटापट चालू आहे आणि ती मी जिंकणार. पण कुणी मला नोकरीवर ठेवावं ही माझी गरज नाही, आणि तीन वर्षांनी पुन्हा स्वतःला सिद्ध करायची हौसही नाही. त्या पैशांतून मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन आणलं. एक डीसी सप्लाय आणला. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा आणला, कारण आपल्याला झटका जाणवायला तीन हजार व्होल्टच्या आसपास स्थिर वीज साठावी लागते आणि काही चिपा शंभराच्या आतच मरतात. म्हणजे आपण खून करतो आणि आपल्याला कळतही नाही! डायनिंग टेबलाचा निम्मा भाग आता माझा आहे. घरच्यांनी त्यावर रेघ मारून दिली आहे.

सध्या अडचण एकच, बोर्ड कमी पडताहेत. दादा मला गिऱ्हाइकाच्या बोर्डावर हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच करतात. आधी किमान एक मूठभर भंगारावर कपॅसिटर उतरवून-चढवून दाखवा म्हणतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा आधार संपला आणि टीपीएम टू नसलेली, विंडोज इलेव्हनच्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट मशीनं लोकांनी कोपऱ्यात टाकली आहेत. चालू असतील तर त्यांना एसएसडी लावून लिनक्स टाकून देते, तुमच्या शाळेतल्या पोराला टायपिंगला आणि अभ्यासाला सहज पुरतील. या कामाचे पैसे घेत नाही, फक्त एसएसडी तुमची. बंद असतील तर फारच उत्तम. डोकी फुगलेले कपॅसिटर असलेला जुना बोर्ड चालेल, चहा पडलेला चालेल, पाल जळून चिकटलेला एसएमपीएससुद्धा चालेल, पेटी मात्र मी उघडणार नाही. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी तेवढं मला कळवा.